शालन, वय एक्केचाळीस

"मॅडम, ज्या बाईला वाचताच येत नाही, तिनं आमचा कॉम्प्युटर घेऊन करायचं काय? रोज फडक्यानं पुसून ठेवायचा?"

हा प्रश्न माझा नव्हता. तो निधी बुगडनं वहीच्या मागच्या पानावर लिहिला होता, अलफिया मुल्लानं त्यात 'फडक्यानं' हा शब्द घातला होता, आणि मी फक्त उभी राहून तो म्हटला होता. पैज लागली होती. विचारलास तर उद्यापासून तिसऱ्या बाकावर आमच्यात बसायचं, नाही विचारलास तर आहेस तिथंच बस, असं निधीनं मधल्या सुट्टीत सांगून टाकलं होतं. आहे तिथं म्हणजे शेवटच्या बाकावर, खिडकीच्या फुटक्या काचेशेजारी, एकटी.

आठवीत होते मी तेव्हा. आता अकरावीत आहे आणि मला बोलतं करावं लागत नाही, गप्प करावं लागतं. पण त्या डिसेंबरपर्यंत आमच्या कन्याशाळेत 'हजर'च्या पलीकडं माझ्या तोंडून काही निघालेलं कुणाला आठवत नसेल. त्यामुळं मी उभी राहिले तेव्हा वर्ग आधी चिडीचूप झाला आणि मग असा हसला की शेजारच्या वर्गातनं चौगुले सर डोकावून गेले. इचलकरंजीत जन्मलेल्या पोरीला आवाजाचं कौतुक नसतं. पाळण्यात असल्यापासून मागांचा खडखडाट कानात असतो. पण एवढा आवाज माझ्यामुळं होतोय, हे मला नवीन होतं. आतून गुळाचा खडा विरघळावा तसं वाटत होतं.

देवयानी मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या पुण्याच्या एका संस्थेकडून आल्या होत्या, बारा दिवसांसाठी, शाळा सुटल्यावर रोज दोन तास. फळ्यावर त्यांनी 'परस्परसंवादी बहुमाध्यम कार्यशाळा' असं लिहिलं होतं आणि ते एका दमात कुणालाच म्हणता येत नव्हतं, म्हणून आम्ही तिला नुसतं 'बहु' म्हणायचो. चित्र, आवाज आणि हलती दृश्यं एकत्र बांधायची, बघणाऱ्यानं पडद्याला बोट लावायचं आणि पडद्यानं त्याला उत्तर द्यायचं, असं ते काम. प्रत्येक गटानं आपला प्रेक्षक निवडायचा होता. लहान मुलं, म्हातारी माणसं, अगदी वाचता न येणाऱ्या बायकासुद्धा, असं मॅडम म्हणाल्या होत्या, आणि त्यावरनंच निधीला तो प्रश्न सुचला होता.

"नाव काय तुझं?" मॅडमनी विचारलं.

"समिधा म्हेत्रे."

"प्रश्न चांगला आहे, समिधा. उत्तर तूच शोध. तुझ्या गटाचा प्रेक्षक ठरला, वाचता न येणारी बाई."

निधी तिसऱ्या बाकावरनं मागं वळली आणि माझ्याकडं बघून पुटपुटली, "आता भोग. अशी बाई आणायची कुठनं?"

सगळ्या वर्गात त्या बाईचा पत्ता फक्त मला माहीत होता. तो आमच्याच घराचा होता.

माझी आई, कस्तुरी, निधीच्या वडिलांच्या नव्हे पण तसल्याच एका मागांच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. उरलेल्या घरी आणायची. तिला अक्षर येत नव्हतं, आणि हे जगात तिघांना माहीत होतं, तिला, बाबांना आणि मला. कारखानदाराला माहीत नव्हतं, मामीला माहीत नव्हतं. आठ वर्षं ती गल्लीतल्या रेणुका बचत गटात जात होती, पण तिथल्या चौदा बायकांपैकी एकीलाही पत्ता नव्हता. उलट भांडण मिटवावं तर कस्तुरीनं, साहेबाशी बोलावं तर कस्तुरीनं, असा तिचा तिथं दरारा होता. येत्या सोमवारी नाही, पण त्याच्या पुढच्या सोमवारी गट तिला अध्यक्ष करणार होता. विजयाकाकींनी तसं घरी येऊन सांगितलं होतं. आई त्या दिवशी कांड्या भरताना गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या बाकावर बसले, निधी आणि अलफियाच्या मधोमध. मॅडमनी त्या दिवशी नियम सांगितले. प्रेक्षक म्हणजे सगळी दुनिया नव्हे, एक माणूस. त्याला नाव द्या, वय द्या. तो कशाला घाबरतो ते लिहा, आणि ती भीती कशी लपवतो ते तर नक्की लिहा. ते कळलं की बाकीचं आपोआप जमतं.

निधीनं नाव दिलं 'शालन', कारण तिच्या मते अडाणी बाईचं नाव असंच असतं. वय मी सांगितलं, एक्केचाळीस. ती काय लपवते, यावर दोघी पेन चावत बसल्या आणि मला एकदम सुचायला लागलं. म्हणजे सुचत नव्हतंच. आठवत होतं.

मी सांगितलं की शालनपुढं कुणी कागद धरला तर ती पदर चाचपते, पिशवीत हात घालते आणि म्हणते, "अगं बाई, चष्मा घरीच राहिला की." तिच्याकडं चष्मा नाहीच. हे मी आईच्या आवाजात म्हटलं, शेवटचा 'की' जरा ओढून, मान तिरकी करून. निधी एवढी हसली की तिला उचकी लागली. मग तिनं मला सगळ्या वर्गापुढं पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा, आणि पुन्हा.

त्या आठवड्यात तो वाक्प्रचार झाला. गणित न आलेली पोरगी फळ्यापुढं उभी राहिली की मागून कुणीतरी ओरडायचं, "चष्मा घरीच राहिला की." चौगुले सरसुद्धा एकदा म्हणाले. वरच्या वर्गातल्या पोरी मला जिन्यात अडवून म्हणायच्या, तूच का गं ती, करून दाखव की. मी करून दाखवायची. तीन वर्षं त्या शाळेत कुणी माझं नाव नीट घेतलं नव्हतं, आणि आता मी जिन्यावर दिसले की पोरी थांबायच्या.

घरी मी वही घेऊन आईसमोर बसायला लागले. ती कांड्या भरायची आणि मी लिहायची.

"काय लिहायलीस एवढं?" तिनं एकदा विचारलं.

"अभ्यास."

तिनं बाहेरच्या मागांचा आवाज कमी व्हावा म्हणून दार ओढून घेतलं आणि मला उजेड यावा म्हणून स्वतः अंधारात सरकली.

वहीत बरंच जमलं. तिच्या फोनमध्ये माणसांची नावं नव्हती, चित्रं होती. मामाला बैल, मावशीला पेरू, बाबांना मागाचा धोटा, माझ्या शाळेला घंटा. एसटी स्टँडवर पाटीकडं डोळे बारीक करून बघत ती शेजारच्याला म्हणायची, "ही हुपरीची नव्हे ना?" म्हणजे समोरचा आपोआप खरं सांगून टाकायचा. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटांना ती सूत बांधून ठेवायची, एकाला लाल, एकाला काळं. आणि सही. सही ती करायची नाही, काढायची. आधी वरची रेघ मारायची, लांबलचक, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर अडकवायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. हे बाबांनी तिला लग्नानंतर शिकवलं होतं, आणि ती रोज सकाळी चुलीपुढच्या राखेत गिरवायची म्हणे.

अलफियानं शालनचं चित्र काढलं. अंबाडा, हिरवं पातळ, कडेला पिशवी. तिच्याभोवती पाच वस्तू ठेवल्या, चष्म्याचं रिकामं घर, फोन, एसटी, गोळ्या, पेन. वस्तूला बोट लावलं की शालन हलायची आणि बोलायची, माझ्या आवाजात, म्हणजे आईच्या. चष्म्याच्या मागं निधीला हसण्याचा आवाज हवा होता. बाजारू नको, खरा हवा, म्हणून आम्ही आमचाच वर्ग हसवून ते हसणं भरून घेतलं. पेनाला बोट लावलं की आधी रेघ यायची आणि मग एकेक अक्षर येऊन लटकायचं, दर अक्षराला टुंग असा आवाज. तो टुंग निधीनं कंपासपेटीला रबर ताणून काढला होता. हा झाला पहिला भाग, शालन कोण. दुसऱ्या भागात शालनला मदत करायची, एसटीची पाटी ओळखायची, बँकेची चिठ्ठी ओळखायची, एकेक अक्षर शिकायचं.

पहिल्या भागात मी शालनबद्दल खाली दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. मॅडमनी त्या खोडल्या. "तुमच्या प्रेक्षकाला एकही अक्षर न वाचता सगळं कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "पहिल्या पडद्यापासून. नाहीतर तुम्ही तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी बनवताय." मग आम्ही तेही सगळं आवाजात आणि चित्रात केलं. छान जमलं. तान्ह्या पोरालाही कळलं असतं.

आणखी एक नियम होता. प्रेक्षक पडद्याला हात लावत असताना बनवणाऱ्यानं त्याला मदत करायची नाही. बोलायचं नाही, खुणावायचं नाही. मॅडम आम्हाला हात मांडीखाली घालून बसायला लावायच्या. तो अडेल, चुकेल, वैतागेल, बघत राहा. तो अडतो तिथं चूक तुमची असते.

नवव्या दिवशी मी शाळेचा टॅब घरी आणला आणि आईपुढं ठेवला. फक्त दुसरा भाग.

"कुठं लावू बोट?" तिनं विचारलं.

मी हात मांडीखाली घातले आणि गप्प बसले.

"बोल की गं."

तिनं बोट पदराला पुसलं, देवाला लावावं तसं हळूच पडद्याला लावलं आणि शालन चालायला लागली तशी दचकून मागं सरकली. मग पाऊण तास ती उठली नाही. चुकली की जीभ चावायची, जमलं की माझ्याकडं बघायची. मला म्हणाली, बटणं फार लहान आहेत, एका बोटाला दोन लागतात. आणि ही बाई घाईनं बोलते, मला विचार तरी करू दे की तिनं. मी दोन्ही सुधारलं आणि मॅडम खूश झाल्या; एवढं बारीक तुला कुणी सांगितलं, म्हणाल्या. मी म्हटलं, असंच सुचलं.

टॅब परत देताना आईनं विचारलं, "ही शालन कोण गं?"

"कुणी नाही. मनानं रचलेली."

"बरी आहे," आई म्हणाली. "धिराची आहे." मग जरा वेळानं म्हणाली, "हुपरीतला हु ओळखला मी. परवा स्टँडवर बघते." आणि त्याहून जरा वेळानं, "प्रदर्शन कधी आहे तुमचं?"

ते फक्त मुलींसाठी आहे, असं मी तिला सांगितलं.

शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये सहा गटांची सहा टेबलं लावली होती. प्रत्येकावर मोठा टच-स्क्रीन, आणि मागच्या भिंतीवर तेच सगळं मोठं दिसावं म्हणून पांढरा पडदा. पाटणकर म्हणून परीक्षक आले होते. पहिल्या नंबराच्या गटाला दहा दिवस पुण्याला नेणार होते, तिथल्या खऱ्या स्टुडिओत शिकायला. निधीनं कपडेसुद्धा ठरवून ठेवले होते. मी ट्रेननं कधी गेले नव्हते, आणि रोज झोपताना मला फक्त खिडकीची जागा दिसायची.

दोन वाजता मॅडम आनंदानं आमच्या टेबलापाशी आल्या. तुमच्यासाठी खरे प्रेक्षक बोलावलेत, म्हणाल्या. चौगुले सरांनी गल्लीगल्लीतल्या बचत गटांना निरोप दिला होता. मी खिडकीतनं बघितलं. फाटकातनं रेणुका गटाच्या बायका आत येत होत्या, सगळ्यांत पुढं आई. तिनं मोतिया रंगाची साडी नेसली होती, मामाच्या लग्नातली.

इथं एक गोष्ट झाली, ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही. अलफियानं माझ्याकडं बघितलं, मग फाटकाकडं, मग स्क्रीनवरच्या शालनकडं. कार्यशाळेच्या कामासाठी ती दोनदा आमच्या घरी आली होती आणि दोन्ही वेळा आईनं तिला एक कागद वाचायला दिला होता, चष्मा सापडत नाही म्हणून.

"मी पहिला भाग काढून टाकते," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन मिनिटं लागतील. नुसता दुसरा दाखवू."

पाटणकर सर तिसऱ्या टेबलापर्यंत आले होते. दुसऱ्या भागाला कुणी हसत नव्हतं. हसायचे ते पहिल्याला. मी दोन मिनिटांचा हिशेब केला आणि म्हटलं, "राहू दे."

"समिधा."

"राहू दे म्हटलं ना."

बायका आल्या. गर्दीत आईनं मला शोधलं आणि लांबूनच हसली. मी खोटं सांगितलं होतं, त्याचा रागही तिच्या तोंडावर नव्हता. विजयाकाकींनी तिला पुढं ढकललं, तुझ्या लेकीचं आहे, तूच आधी हात लाव, म्हणाल्या. निधीनं माझ्या कानाशी विचारलं, ही तुझी आई? मी मान हलवली. मी स्टुलावर बसले आणि हात मांडीखाली घातले.

आईनं बोट पदराला पुसलं आणि चष्म्याच्या घराला लावलं.

"अगं बाई, चष्मा घरीच राहिला की."

भिंतीवरची शालन मान तिरकी करून बोलली आणि स्पीकरच्या पेटीतनं आमचा वर्ग हसला. हॉलमधला वर्गही हसला, आणि सवयीनं सगळ्या पोरींनी ते वाक्य एका सुरात पुन्हा म्हटलं. बचत गटाच्या बायका मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आठ वर्षं ते वाक्य ऐकलं होतं, दर सोमवारी. एक बाई दुसरीकडं बघायला लागली. विजयाकाकींनी आईच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

मला वाटलं आई आता मागं होईल. ती झाली नाही. तिनं फोनला बोट लावलं. बैल आला, पेरू आला, धोटा आला. एसटीला लावलं, ही हुपरीची नव्हे ना, पोरी हसल्या. गोळ्यांना लावलं. पडद्याकडं ती अशी बघत होती जशी घरी बघत होती, नीट, एकही गोष्ट सुटू नये असं. मग पेन. रेघ आली, लांबलचक. टुंग. टुंग. टुंग. सगळं तिला कळत होतं. एकही अक्षर न वाचता. कुठंही अडत नव्हती ती.

पाटणकर सर मागं येऊन उभे राहिले होते. ते खूश दिसत होते.

"मावशी, कळलं का सगळं?"

"कळलं," आई म्हणाली.

"अशी कुणी शालन आहे का तुमच्या ओळखीत?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "नाही. आमच्यात सगळ्यांना येतं."

"वा," सर म्हणाले आणि टेबलावरची अभिप्रायाची वही उघडून तिच्यापुढं केली. "मग दोन ओळी लिहा की. निदान सही तरी करा, प्रेक्षक म्हणून."

त्यांनी पेन तिच्या हातात दिलं. आईचा डावा हात पदराकडं गेला. मग पिशवीत गेला. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मागच्या रांगेतनं कुणीतरी बारीक आवाजात म्हटलं, "चष्मा घरी राहिला काय, मावशी?" आणि खसखस पिकली. बाकी काही बोलायला तिच्याजवळ उरलं नव्हतं. जे होतं ते भिंतीवर होतं.

मॅडमची नजर वहीवर होती, मग भिंतीवर गेली, मग माझ्यावर आली आणि तिथंच थांबली.

मी उठायला हवं होतं. पेन घेऊन, आई मी लिहिते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. लेकी आईचं लिहून देतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. हात माझे मांडीखालीच होते. सुन्न झाले होते ते.

आईनं वाकून वहीवर रेघ मारली. लांबलचक, डावीकडनं उजवीकडं. मग तिनं पहिलं अक्षर अडकवलं, क. माझ्या शेजारनं निधी ओठातल्या ओठात म्हणाली, "टुंग."

पोरी फिसकल्या. आईनं स्तु अडकवला.

"टुंग," निधी म्हणाली, जरा मोठ्यानं. आणि मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. पैजेच्या दिवशी मी उठण्याआधी बघितलं होतं, तसंच. भुवई जरा वर. आहेस तिथंच बसायचंय का, असं.

तिसरं टुंग मी म्हटलं.

आईचं पेन थांबलं नाही. तिनं री पुरा केला, वेलांटी नीट वळवली. रेघ अजून बरीच उरली होती, म्हेत्रे मावण्याएवढी. ती तिनं तशीच मोकळी सोडली, पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही हातांनी सरांना परत दिलं.

आमचा पहिला नंबर आला. पाटणकर सर माइकवर म्हणाले की या मुलींनी आपला प्रेक्षक आतून ओळखलाय, असं काम त्यांनी मोठमोठ्या कंपन्यांतही बघितलेलं नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. स्टेजवर जाताना अलफिया आमच्यात नव्हती. सोमवारी ती दप्तर उचलून शेवटच्या बाकावर, फुटक्या काचेशेजारी जाऊन बसली, ती दहावी संपेपर्यंत तिथंच.

घरी आले तेव्हा पाच वाजले होते. बाबा पहिली पाळी करून आले होते आणि पाय पसरून चहा पीत होते. आई भाकऱ्या थापत होती. साडी बदललेली होती. बाबांनी विचारलं, काय झालं गं शाळेत? मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "पहिला नंबर आला तिचा." नेहमीच्याच आवाजात.

बाबा हरखले. माझ्या बक्षिसाची ढाल हातात घेऊन त्यांनी तिच्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं, दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना ते आईकडं बघत होते, तिला ऐकू जावं म्हणून, नेहमी वाचून दाखवायचे तसे. आईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"गोळ्यांचं उलटं झालंय तुझं," ती मला म्हणाली. "लाल सूत सकाळच्या गोळीला असतं. तू संध्याकाळच्या गोळीला दाखवलंस. ते बदल, नाहीतर बघून एखादी बाई चुकीची गोळी खाईल."

मी म्हटलं, "बरं."

"काय गोळ्या? कसल्या गोळ्या?" बाबा म्हणाले. आईनं पीठ मळायला घेतलं. आणि सोमवारपासून मी गटात जाणार नाही, असं तिनं पिठाकडं बघतच सांगितलं.

"का गं? अध्यक्ष करणार होत्या ना तुला?"

"विजयाला करू देत. तिला येतं."

बाबा तिच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. ढाल त्यांच्या मांडीवर होती. माझ्या दप्तरात पुण्याचा फॉर्म होता, चार घड्या घातलेला. वाटेत येताना मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातल्या काहींत मी रडत होते, एकात मी फॉर्म चुलीत घालत होते. आई पाठमोरी होती आणि तिच्या मानेवर पिठाचा हात लागलेला होता, केस मागं सारताना लागतो तसा. मला त्या जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना. बक्षीस घेताना स्टेजवर माइकवर काढलेला आवाज मात्र गळ्यात अजून ताजा होता. खणखणीत.

मी फॉर्म काढला, घड्या उलगडल्या आणि चुलीच्या उजेडात दोघांच्या मधोमध जमिनीवर ठेवला.

"मी पुण्याला जाणार आहे," मी म्हटलं. "दहा दिवस. ठरलंय माझं. खाली सही लागेल, दोघांची."